शेतकऱ्याच्या नावाने, शेतकऱ्यावाचून



२०१५ सालच्या २८ डिसेंबरला ‘टाइम्स ऑफ इंडिया’त एक लेख छापून आला. लिहिणारा होता फेसबुक कंपनीचा प्रमुख मार्क झुकेरबर्ग. अमेरिकेत बसून जगभर धंदा करणाऱ्या या माणसाने आपल्या देशातल्या वाचकांना पटवण्यासाठी कोणाचे उदाहरण घेतले असेल? मुंबईच्या शेठजीचे नाही, बंगळूरच्या इंजिनियरचे नाही. त्याने महाराष्ट्रातल्या एका शेतकऱ्याचे उदाहरण घेतले. हा शेतकरी आमच्या फुकट इंटरनेटवर पावसाचा अंदाज बघतो, बाजारभाव बघतो, आता नव्या पिकात आणि जनावरांत पैसा घालतो आहे. त्याची शेती सुधारली तर इंटरनेटचे काय बिघडते, असा त्याचा सवाल होता.

त्या शेतकऱ्याचे भले झाले असेल तर आनंदच आहे. पण त्या वेळी देशात इंटरनेटचा कारभार कसा चालावा यावर मोठे भांडण पेटले होते. एका बाजूला कंपन्या होत्या, दुसऱ्या बाजूला बहुतेक शहरातली, शिकलेली तरुण मंडळी होती, आणि निवाडा करायला ‘ट्राय’ ही सरकारची दूरसंचार नियामक संस्था बसली होती. पंगत बसली, शेतकऱ्याचे नाव घेऊन वाढणे सुरू झाले, पण शेतकऱ्याचा पाट मात्र कोणी मांडला नाही. आणि आपणही जाऊन मांडला नाही.

या गोष्टीला दहा वर्षे होऊन गेली. तेव्हा गावात इंटरनेट म्हणजे पोरांची करमणूक होती. आज सातबारा त्यात आहे, पिकाची नोंद त्यात आहे, विमा त्यात आहे, कापसाची हमीभावाची खरेदी त्यात आहे. म्हणून श्रीपूरच्या बैठकीपुढे एकच विचार ठेवायचा आहे. आजवर आपण रेंज मागत आलो. आता नियम ठरवण्यात वाटा मागायला हवा.

फुकटाचे फाटक

ते भांडण नेमके कशाचे होते, हे कापूसवाल्याला समजावून सांगायला वेळ लागणार नाही. १९७२ साली राज्यात कापूस एकाधिकार खरेदी सुरू झाली ती आठवा. कापूस पिकवायचा तुम्ही, पण विकायचा एकाच दाराला. शेजारच्या राज्यात भाव चढा असला तरी हद्दीवर गाडी अडवली जायची. ‘आम्ही तुम्हाला व्यापाऱ्यापासून वाचवतो आहोत’ असे सांगितले जाई, आणि शेतकरी चुकाऱ्याची वाट बघत बसे.

फेसबुकची योजना वेगळ्या कपड्यातली होती, पण चाल तीच. २०१५ च्या फेब्रुवारीत अनिल अंबानींच्या रिलायन्स कम्युनिकेशन्सला बरोबर घेऊन ती इथे आली. पुढे तिचे नाव ‘फ्री बेसिक्स’ झाले. ठरावीक ठिकाणे फुकट बघा, बाकीच्या इंटरनेटला पैसे मोजा, असा तिचा व्यवहार. फाटकातून आत जायला पैसे नाहीत, पण आत कोणाचे दुकान लागेल याच्या अटी फाटकवाला घालणार. ज्याच्या खिशात पैसे नाहीत त्याला जग तेवढेच दिसणार. उद्या आत एकाच कंपनीचा बाजारभाव दाखवला तर दुसरा भाव असतो हे त्याला कळणारही नाही. ज्या आडत्याच्या ओट्यावर चहा फुकट, त्याच्या काट्याकडे डोळे उघडे ठेवून बघावे लागते, हे आपल्या बापजाद्यांना ठाऊक होते.

यावर एक आक्षेप निघतो आणि तो खरा आहे. ज्याच्या ताटात काहीच नाही त्याला चतकोर भाकरी मिळाली तर शहरातल्या पोटभरल्यांनी ती का हिसकावावी? पण पुढे काय घडले ते बघा. ८ फेब्रुवारी २०१६ रोजी ट्रायने आदेश काढला. इंटरनेटवर कोण काय बघतो यावरून वेगवेगळा दर लावता येणार नाही, लावला तर दिवसाला ५० हजार रुपये, जास्तीत जास्त ५० लाखांपर्यंत दंड. फेसबुकने तीन दिवसांत गाशा गुंडाळला. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात जिओ उतरले, कंपन्यांत चुरस लागली आणि सगळेच इंटरनेट स्वस्त झाले. दारे उघडी राहिली म्हणून चतकोरवाल्याला अख्खी भाकरी मिळाली. आता कंपन्या मोजक्याच उरल्या आहेत आणि २०२४ च्या जुलैत त्यांनी पाठोपाठ दर वाढवले, हेही विसरू नका. गिऱ्हाइकाला जायला दुसरे दार राहिले नाही की भाव कोण ठरवतो, हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

पत्रांचा धडा

या लढ्यातली आपल्या उपयोगाची गोष्ट पुढेच आहे. ट्रायला नियम करण्याआधी मसुदा लोकांपुढे ठेवावा लागतो, प्रश्न विचारावे लागतात, उत्तरे मागवावी लागतात. २०१५ च्या मार्चअखेर अशीच एक प्रश्नपत्रिका निघाली. ती लांबलचक, इंग्रजी, वकिली भाषेतली. शहरातल्या तरुणांनी ती सोपी करून मांडली, उत्तरे कशी द्यायची ते सांगितले, आणि महिन्याभरात ट्रायकडे दहा लाखांहून जास्त ईमेल गेले. सरकारी कचेरीने असे काही पाहिले नव्हते.

त्याच वर्षीच्या डिसेंबरात ट्रायने दुसरी प्रश्नपत्रिका काढली, ती थेट दरांबद्दलची. या वेळी फेसबुकनेही आपल्या गिऱ्हाइकांना कामाला लावले. एक बटण दाबा, तयार मजकूर आपोआप जाईल. लाखो पत्रे गेली. पण प्रश्न चार होते आणि या पत्रांत त्यांची उत्तरेच नव्हती, नुसता पाठिंबा होता. ट्रायने कंपनीला तसे स्पष्ट सुनावले. सल्ला मागवणे म्हणजे डोकी मोजणे नव्हे, असा त्याचा अर्थ.

चळवळीतल्या माणसांनी हे गाठीला बांधावे. आपल्याला मोर्चाची सवय आहे, निवेदनावर अंगठे गोळा करण्याची सवय आहे. ते लागतेच. पण इथे विचारलेल्या प्रश्नाला मुद्देसूद उत्तर लागते, आणि ते मुदतीत लागते.

उत्तर देणाऱ्याचे कधी कधी चालतेही. सरसकट सगळ्यांना डेटासकट महागडा रिचार्ज मारावा लागत होता. बटणाचा फोन वापरणाऱ्या म्हाताऱ्या माणसाने इंटरनेटचे पैसे का भरावेत? २०२४ च्या जुलैत ट्रायने यावर लोकांची मते मागवली आणि २३ डिसेंबर २०२४ च्या नियमाने कंपन्यांना फक्त बोलण्याचा आणि एसएमएसचा वेगळा रिचार्ज ठेवणे भाग पाडले. दर काय असावा ते कंपन्यांच्या हाती राहिले, ही उणीव आहे. पण दार किलकिले झाले.

अक्षराचीसुद्धा हीच कथा. इंटरनेटवरचे पत्ते कोणी कसे वापरायचे याचा जगाचा कारभार १९९८ पासून अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात बसलेली ‘आयकॅन’ नावाची संस्था सांभाळते. बराच काळ पत्ता इंग्रजी अक्षरांतच लिहावा लागे. २०१४ च्या ऑगस्टमध्ये ‘.भारत’ हा देवनागरी पत्ता सुरू झाला आणि मराठीसह आठ भाषांना तो खुला झाला. देवनागरीतली कोणती अक्षरे पत्त्यात चालतील हे ठरवायला जाणकारांची समिती बसली. आता ‘शेतकऱ्यांचा’ हा शब्द लिहून बघा. त्यातला अर्धा र हिंदीला लागत नाही. अशा समितीत मराठी बोलणारा कोणी नसला तर शेतकऱ्याचा रसुद्धा कोणाच्या ध्यानी येणार नाही. इंडिया आणि भारत हा फरक आपल्या चळवळीला नवा नाही. इंटरनेटवर ‘.भारत’ची पाटी लागली. पाटीमागच्या घरात भारत राहायला गेला की नाही, हे बघायचे आहे.

बटणात बसलेला कायदा

आतापर्यंत सांगितलेल्या नियमांना निदान मसुदा असतो, मुदत असते, आदेश छापला जातो. शेतकऱ्याला रोज नडतो तो नियम याहून वेगळा आहे. तो ॲपच्या बटणात बसलेला असतो.

१५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यात ई-पीक पाहणी सुरू झाली. पूर्वी तलाठी गाव नमुना बारावर पिकाची नोंद करी. चावडीत बसून पिके लिहिणारे तलाठी आपण पाहिले आहेत, त्यामुळे आपल्या पिकाची नोंद आपणच करावी ही कल्पना चांगलीच आहे. पण नोंद करायला शेतात उभे राहून फोटो काढावा लागतो, जागेचा ठावठिकाणा लागावा लागतो, तो वर चढावा लागतो. सांगोल्याच्या माळावर किंवा मंगळवेढ्याच्या काळ्या रानात रेंजची दांडी एकदा दिसते, एकदा गुल होते. राहिलेल्या नोंदींसाठी सहायक नेमले, तरी राहिले ते राहतेच. नोंद नाही म्हणजे सरकारच्या लेखी पीक नाही, मग रानात मालदांडी डोक्याएवढी उभी का असेना.

१५ एप्रिल २०२५ पासून कृषी खात्याच्या योजनांना शेतकरी ओळख क्रमांक सक्तीचा झाला. त्याचा पाया जमिनीचा उतारा. ज्याच्या नावे उतारा तो शेतकरी. मग दुसऱ्याचे रान वाट्याने करणारा कोण? ज्याची खातेफोड झाली नाही तो धाकटा भाऊ कोण? ॲपमध्ये त्यांच्यासाठी रकाना नसला तर त्यांचा घाम हिशेबात धरला जात नाही. आणि मायबहिणींनो, तुमच्यापैकी काहींच्या नावे जमीन झाली, पण फोन बहुधा धन्याच्या खिशात असतो. सातबारा बाईचा आणि ओटीपी गड्याकडे, अशी ही मालकी.

कापसाचे बघा. २०२५-२६ च्या हंगामाला मध्यम धाग्याला क्विंटलला ७,७१० आणि लांब धाग्याला ८,११० रुपये हमीभाव जाहीर झाला. पण तो घ्यायचा तर भारतीय कापूस महामंडळाच्या ‘कपास किसान’ या ॲपवर आधी नोंदणी, मग दिवस ठरवून घेणे. नोंदणी १ सप्टेंबर २०२५ ला सुरू झाली, मुदत ३० सप्टेंबरची होती. त्याच सप्टेंबरात सीनेला महापूर आला. करमाळा, माढा, मोहोळ या तालुक्यांत घरादारात, रानात पाणी शिरले. संसार पाण्यात गेलेल्या माणसाने ओटीपी कोणत्या फोनवर घ्यायचा? मुदत पुढे वाढवावी लागली. पण ती वाढेल की नाही, हे शेतकऱ्याने देवावर हवाला ठेवून बघत बसायचे. हमीभाव हा सरकारने दिलेला शब्द आहे. तो शब्द पाळायला शेतकऱ्याच्या फोनची बॅटरी चार्ज असावी लागते, अशी अट कोणत्या कायद्यात आहे?

इंटरनेटने दिलेले नाकारायचे नाही. २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा मिळू लागला, तलाठ्यामागचे हेलपाटे कमी झाले. मुंबईचा भाव गावात बसून कळतो. ज्याला यंत्र नको तो मागे राहील. पण यंत्राचा कासरा कोणाच्या हातात, हे विचारणे म्हणजे यंत्राला विरोध नव्हे.

मृगात मागितलेले मत

आता सगळ्यात मोठी गोष्ट. देशातल्या सगळ्या शेतकऱ्यांची माहिती, म्हणजे जमीन, पीक, बँक, अनुदान, एका सूत्रात ओवण्याचे काम ‘ॲग्रिस्टॅक’ नावाने चालू आहे. त्याचा विचार मांडणारा कागद केंद्रीय कृषी मंत्रालयाने लोकांपुढे ठेवला तो १ जून २०२१ रोजी. मते कळवायची मुदत ३० जून.

जून महिना! मृग निघालेला, तिफणी जुंपलेल्या, बियाण्याच्या दुकानापुढे रांगा, वर करोनाची दुसरी लाट नुकतीच ओसरत आलेली. शेतकऱ्याविषयीच्या कागदावर शेतकऱ्याचे मत मागायला सरकारला बरोबर पेरणीचा महिना सापडला. मुद्दाम केले असे म्हणायची गरज नाही. ज्यांच्या कॅलेंडरात मृग नक्षत्र नसते त्यांच्याकडून असेच होते. त्याआधीच मंत्रालयाने मायक्रोसॉफ्टशी करार केला होता आणि ५५ संघटनांनी एकत्र येऊन त्यावर हरकतीचे पत्र पाठवले होते. शेतकऱ्याला विचारण्याआधी त्याची माहिती कंपनीपुढे कशी जाते, हा त्यांचा रोख होता, आणि तो रास्त होता.

२०२३ साली वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. त्याचे नियम २०२५ च्या नोव्हेंबरात निघाले आणि अंमल टप्प्याटप्प्याने होणार आहे. त्यात एक चांगली गोष्ट आहे. तुमची माहिती घेताना संमतीचा मजकूर मराठीतही मागता येतो, कारण घटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या सगळ्या भाषांना तो हक्क दिला आहे. एक वाईट गोष्टही आहे. अनुदान, लाभ, दाखले देण्यासाठी माहिती वापरताना सरकारला संमतीच्या अटीतून बरीच सवलत आहे. आपली सगळी माहिती तर अनुदानाच्या आणि लाभाच्या दारानेच जाते. म्हणजे शेतकऱ्याच्या वाट्याला संरक्षण सगळ्यात पातळ येते.

वारणेचा अनुभव

शेतकऱ्याला विचारले तर तो काय सांगेल? याचे उत्तर आपल्याच राज्यात मिळालेले आहे. १९९८ साली कोल्हापूर-सांगलीकडे वारणा खोऱ्यातली सत्तर गावे संगणकाने जोडायचा प्रकल्प सुरू झाला. शिक्षण, आरोग्य, शेतीचा सल्ला, असे पुष्कळ काही त्यात येणार होते. पुढे पाहणाऱ्यांना दिसले ते असे की शेतकरी केंद्रावर येत तो मुख्यतः आपल्या उसाची नोंद, तोडीची परवानगी, वजन आणि हिशेब बघायला. काही वर्षांनी मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी तिथे संगणकाऐवजी साध्या मोबाईलचा प्रयोग केला. एसएमएस पाठवायचा, वजनाचा आकडा परत यायचा. काम भागले.

कारखान्याच्या श्रीपुरात बसून उसाचे उदाहरण दिले, तर कोरडवाहूवाले म्हणतील की हे पाटाच्या पाण्याचे कौतुक झाले. पण धडा कोरडवाहूलाच जास्त लागू आहे. शेतकऱ्याला रंगीत पडदा नको असतो. माझ्या मालाचे वजन किती, पैसे किती, कधी, आणि अर्ज पोहोचला याची पोच कुठे, एवढे त्याला हवे असते. ते साध्या फोनवर देता येते. ॲप बनवणाऱ्याने बनवण्याआधी विचारले असते तर हे त्याला पहिल्याच दिवशी कळले असते.

ठराव

म्हणून या बैठकीत पुढचे चार ठराव व्हावेत.

१. शेतकऱ्याला लागू होणारा इंटरनेटचा वा ॲपचा कोणताही नियम आधी मराठीत मसुदा म्हणून निघावा, ग्रामसभेत वाचला जावा, मत द्यायला निदान ९० दिवस मिळावेत, आणि पेरणी-सुगीत मुदत संपू नये.

२. ॲप असावे, पण ॲपवाचूनचा रस्ताही कायम असावा. कागदावर अर्ज, सही-शिक्क्याची पोच. सर्व्हर बंद राहिला तर तेवढे दिवस मुदत आपोआप वाढावी, त्यासाठी कोणाचे पाय धरावे लागू नयेत.

३. आपली माहिती कोणी घेतली, कशासाठी घेतली, कोणत्या बँकेला वा कंपनीला दिली, याचा उतारा शेतकऱ्याला सातबाऱ्यासारखा मराठीत मिळावा.

४. असे नियम करणाऱ्या समित्यांत कोरडवाहू शेतकऱ्याला आणि शेतकरी बाईला जागा असावी. ट्राय खुली चर्चा घेते, ती जिल्ह्याच्या गावीही व्हावी.

ठराव करून घरी गेलो तर ते फाइलीत जाऊन झोपतील. म्हणून प्रत्येक गावाने एक साधी वही घालावी. ॲप चालले नाही, ओटीपी आला नाही, रेंज नव्हती, नोंद होऊनही उताऱ्यावर दिसली नाही, असे जे जे घडेल त्याची तारीख, वेळ आणि काय नुकसान झाले ते त्यात लिहावे. शक्य असेल तर फोनच्या पडद्याचा फोटो ठेवावा. गावातल्या कॉलेजात जाणाऱ्या पोरा-पोरींकडे हे काम द्यावे. दर तालुक्याने दोन-तीन अशी माणसे निवडावीत की जी सरकारचे आणि ट्रायचे नवे मसुदे बघतील, सोप्या मराठीत करून बैठकीपुढे ठेवतील आणि वहीतल्या नोंदी जोडून मुदतीत उत्तर पाठवतील. ग्राहक संस्थांना ट्रायकडे नोंदणी करता येते. जिल्ह्यातली एक तरी शेतकऱ्यांची संस्था त्या यादीत जावी.

पुढच्या मसुद्यात, पुढच्या जाहिरातीत, पुढच्या भाषणात कोणीतरी पुन्हा महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याचे उदाहरण देणार हे नक्की. ते देणाऱ्याच्या टेबलावर त्याच दिवशी आपल्या वह्यांचा गठ्ठा पडलेला असावा. मग शेतकऱ्याला काय हवे ते त्याने त्यातून वाचून सांगावे.

पुढच्या जिल्हा बैठकीला येताना वही बरोबर आणा.